यंत्राचा कंप आणि चालकाचे आरोग्य

बैलाच्या नांगराने सुमारे २० सेंटिमीटर रुंदीचे तास घेऊन एक हेक्टर जमीन नांगरावयाची, तर नांगऱ्यास जवळजवळ ५० किलोमीटर चालावे लागते. तीच जमीन ६० सेंटिमीटर रुंदीच्या पॉवर टिलरने खणली, तर हे अंतर १७ किलोमीटरच्या आत येते. श्रम व वेळ यांची ही बचत लहान नव्हे. १९६० च्या दशकात जपानी बनावटीचे पॉवर टिलर आपल्या देशात आले आणि पुढे कोकणातील लहान भातखाचरांत ते चांगलेच रुळले, त्याचे कारण हेच होय. परंतु यंत्राने चाल कमी केली, तरी एक नवा भार चालकाच्या अंगावर टाकला. तो भार म्हणजे यंत्राचा कंप. १७ किलोमीटरची ही चाल चालताना चालकाचे दोन्ही हात यंत्राच्या मुठींवर असतात आणि इंजिनाचा प्रत्येक धक्का त्या मुठींतून बोटांत, मनगटात व कोपरात उतरत असतो.

धूर डोळ्यांना झोंबतो, आवाज कानाला टोचतो. त्यामुळे त्यांची दखल घेतली जाते. कंपाचे तसे नाही. काम संपल्यावर हाताला थोडा वेळ मुंग्या येतात, त्या जिरतात आणि विषय तेथेच संपतो. अशा मुंग्या वर्षानुवर्षे येत राहिल्यास हातात जो बिघाड होतो, तो मात्र नेहमीच जिरत नाही. यास्तव कंप म्हणजे काय, त्याचा शरीरावर परिणाम कसा होतो, तो मोजावा कसा व टाळावा कसा, याची माहिती प्रत्येक यंत्रमालकास व चालकास असणे अगत्याचे आहे.

कंप म्हणजे काय?

एखादी वस्तू आपल्या जागेभोवती जलद गतीने पुढे-मागे हलू लागली, म्हणजे तिला कंप सुटला असे आपण म्हणतो. या कंपाची दोन मापे ध्यानात घ्यावी लागतात. एका सेकंदात किती वेळा हालचाल होते, ती झाली वारंवारता. ती हर्ट्झ या एककात सांगतात. दुसरे माप तीव्रतेचे. ते त्वरणाच्या रूपात, म्हणजे मीटर प्रति वर्ग सेकंद या एककात मोजतात.

वारंवारतेचा अंदाज शेतकऱ्यास घरच्या घरी करता येतो. इंजिनाचे मिनिटास होणारे फेरे ६० ने भागावेत. मिनिटास २,००० फेरे घेणाऱ्या टिलरच्या इंजिनामुळे मुठीला सेकंदास सुमारे ३३ वेळा हादरा बसतो. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या ग्रासकटरच्या बाबतीत हाच आकडा १०० होतो. एका तासात हाताला किती धक्के बसतात, याचा हिशेब यावरून प्रत्येकाने करून पाहावा. टिलरच्या बाबतीत ती संख्या एक लाखाच्या वर जाते.

शरीरात कंप दोन मार्गांनी शिरतो. टिलर, ग्रासकटर, साखळी करवत यांसारखी यंत्रे हाताने धरावी लागतात. त्यांचा कंप हात व बाहू यांना बाधतो. ट्रॅक्टर, कापणीयंत्र इत्यादींवर चालक बसतो. तेथे कंप बैठकीतून कंबरेत व पाठीच्या कण्यात जातो. या दोहोंचे परिणाम वेगळे व उपायही वेगळे, म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

हातावर होणारा परिणाम

थंडीने बोटांतील रक्तवाहिन्या आकसून बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली केले. कंप करणाऱ्या हत्यारांमुळेही हा विकार जडतो, हे १९११ साली इटलीत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या खाण-कामगारांच्या तपासणीत लोरिगा यांना दिसून आले. पुढे १९१८ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी चुनखडीच्या दगडांवर काम करणारे पाथरवट तपासले. यंत्राची छिन्नी ज्या हातात घट्ट धरलेली असे, त्या हाताची बोटे त्यांना अधिक बाधित आढळली.

या विकारात तीन अंगांना इजा पोहोचते. पहिले अंग बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे. त्या थंडीत एकाएकी आकसतात, रक्त थांबते, बोटांची टोके पांढरीफटक पडतात आणि रक्त परत येताना ठणका लागतो. दुसरे अंग मज्जातंतूंचे. त्यांना इजा झाल्यास मुंग्या येतात, बधिरता येते, स्पर्श व उष्ण-थंड यांची जाण मंदावते. तिसरे अंग स्नायू, सांधे व हाडे यांचे. मूठ आवळण्याची शक्ती घटते, मनगट व कोपर दुखू लागते.

येथे आपल्याकडील शेतकऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. परदेशी पुस्तकांत या विकाराची खूण म्हणून 'पांढरी बोटे' हेच लक्षण ठळकपणे दिलेले असते, कारण ती माहिती थंड देशांतील आहे. उष्ण हवामानात बोटे पांढरी पडण्याचे प्रमाण बरेच कमी आढळते. मुंग्या, बधिरता आणि मुठीतील अशक्तपणा ही लक्षणे मात्र उष्ण प्रदेशातही येतात. सबब, कोकणातील चालकाची बोटे पांढरी पडली नाहीत, एवढ्यावरून त्याचे हात धडधाकट आहेत असे समजणे चूक होय. पांढऱ्या बोटांची वाट पाहात बसल्यास मज्जातंतूंचा बिघाड पुढे गेलेला असेल.

बधिरतेची किंमत शेतीत काय पडते, हे सांगावयास नकोच. कोय कलम बांधताना काडीचा तिरका काप खुंटावर नेमका बसला की नाही, हे बोटांनाच कळते. गाईच्या सडाला सूज आली आहे काय, हे धार काढणाऱ्याच्या बोटांस आधी समजते. चिमटीत मोजके बी धरून टोकणे, सुतळीची गाठ मारणे, पाना फिरवून लहान नट बसविणे, ही सर्व कामे स्पर्शावर चालतात. ज्या हाताने चार महिने टिलर चालवावयाचा, त्याच हाताने उरलेले आठ महिने ही कामे करावयाची असतात. टिलर मोडला तर सुटा भाग बाजारात मिळतो, बोटांच्या मज्जातंतूंचा सुटा भाग मिळत नाही.

प्रारंभीच कंपाचे काम थांबविले किंवा कमी केले, तर लक्षणे पुष्कळदा ओसरतात. बधिरता कायमची होऊन बसल्यावर मात्र तीवर खात्रीचा उपचार नाही. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

कंप किती सोसावा?

कंपाचे माप घेण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरवून दिली आहे. युरोपातील राष्ट्रांनी २००२ साली केलेल्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामावर सरासरी काढून हातावरील कंपाच्या दोन मर्यादा ठरविल्या आहेत. सरासरी २.५ मीटर प्रति वर्ग सेकंद झाली, की मालकाने उपाययोजना सुरू केली पाहिजे. ही झाली दक्षतेची मर्यादा. सरासरी ५ च्या वर कोणत्याही दिवशी जाऊ देता कामा नये. ही झाली कमाल मर्यादा. आपल्या कामासही हे आकडे मार्गदर्शक म्हणून घेण्यास हरकत नाही.

या मर्यादांवरून कामाचे तास असे निघतात :

कंप ५ असल्यास : दक्षतेची मर्यादा २ तासांत, कमाल मर्यादा ८ तासांत.
कंप ७ असल्यास : दक्षतेची मर्यादा १ तासात, कमाल मर्यादा ४ तासांत.
कंप १० असल्यास : दक्षतेची मर्यादा अर्ध्या तासात, कमाल मर्यादा २ तासांत.
कंप १४ असल्यास : दक्षतेची मर्यादा पाव तासात, कमाल मर्यादा १ तासात.

यातील सूत्र सोपे आहे. कंप दुप्पट झाला, तर कामाची मुदत निम्मी न होता चौथाईवर येते. उलटपक्षी, कंप निम्मा केला तर त्याच धोक्यात चौपट वेळ काम करता येते. म्हणून तास कमी करण्यापेक्षा कंप कमी करण्यात अधिक लाभ आहे, हे ध्यानात ठेवावे.

वेळ मोजताना इंजिन चालू आणि हात मुठीवर एवढाच काळ धरावा. डिझेल भरणे, बांधावरून यंत्र काढण्यापूर्वीची तयारी, न्याहारी हा वेळ त्यात येत नाही. मात्र सकाळी ग्रासकटर व दुपारी टिलर चालविणाऱ्याने दोन्ही कामांचा कंप एकाच हातास बसतो हे विसरू नये.

आता पहिल्या हिशेबाकडे वळू. टिलर ताशी २ किलोमीटर वेगाने चालला, तर १७ किलोमीटरला सुमारे साडेआठ तास लागतात. वळणे व फेऱ्यांची एकमेकींवरील चढ धरली तर अधिकच. मुठीवरील कंप ७ असेल, तर चार तासांनंतर कमाल मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे एक हेक्टरचे काम एका माणसाने एका दिवसात उरकणे हातांच्या दृष्टीने योग्य नाही. ते दोनहून अधिक माणसांनी आळीपाळीने करावे, किंवा दोनहून अधिक दिवसांत करावे.

यंत्राचा कंप किती, हे ग्रासकटर व साखळी करवतीच्या माहितीपुस्तिकेत उजव्या व डाव्या मुठीसाठी पुष्कळदा वेगवेगळे छापलेले असते. खरेदीपूर्वी तो आकडा दुकानदारास अवश्य विचारावा आणि दोन यंत्रांची किंमत व अश्वशक्ती जशी ताडून पाहतो, तसाच कंपही ताडून पाहावा. छापील आकडा नव्या यंत्राचा असतो. झिजलेल्या यंत्राचा कंप त्याहून जास्त असतो, हेही लक्षात घ्यावे.

यंत्र सुधारल्याने काय साधते?

कंपावर इलाज चालतो, याचे उत्तम उदाहरण फिनलंडमधील जंगल-कामगारांचे आहे. तेथे साखळी करवतीने झाडे तोडणाऱ्या कामगारांच्या एका गटाची १९७२ पासून १९९० पर्यंत वेळोवेळी तपासणी करण्यात आली. प्रारंभी त्यांतील ४० टक्के कामगारांची बोटे पांढरी पडत होती. १९९० साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. या काळात करवतीचे इंजिन व मुठी यांच्यामध्ये रबराचे व स्प्रिंगचे कंपशोषक बसविण्यात आले, यंत्रे हलकी झाली आणि मुठीवरील कंप सुमारे १४ वरून २ मीटर प्रति वर्ग सेकंदापर्यंत उतरला. काम तेच होते. बदलली ती करवत.

टिलर व ग्रासकटरची निगा

आपल्याकडील यंत्रांचा कंप निगेनेही पुष्कळ आटोक्यात आणता येतो. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. हंगामापूर्वी इंजिन ज्या बोल्टांनी सांगाड्यावर बसविलेले असते ते सर्व बोल्ट आवळावेत. मुठींचे दांडे जोडणारे बोल्टही तपासावेत. सैल जोड कंप वाढवितो.

२. मुठी व सांगाडा यांच्यामधील रबरी बुशांना भेगा पडल्या असतील किंवा ते कडक झाले असतील, तर बदलावेत. या बुशांची किंमत थोडी, परंतु काम मोठे आहे.

३. खणणीची पाती मोडलेली, वाकलेली किंवा एका बाजूस कमी झालेली नसावीत. पाती झिजल्यास दोन्ही बाजूंची जोडीने बदलावीत.

४. ग्रासकटरचे पाते दगडावर आपटून वाकले वा त्याचा दात उडाला, तर ते ताबडतोब काढावे. असमतोल पाते हाताला तर बाधतेच, शिवाय ते तुटून उडण्याचाही धोका असतो. पात्यास धार लावताना सर्व दात सारखेच घासावेत.

५. टिलरच्या मुठी इंजिनाच्या एका ठराविक गतीला सर्वांत जास्त थरथरतात. यंत्र उभे असताना गती हळूहळू वाढवून ती जागा ओळखावी व काम करताना ती गती टाळावी. गरजेहून अधिक गती कधीही ठेवू नये.

६. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना लोखंडी चाके लावून डांबरी किंवा खडीच्या रस्त्यावरून टिलर हाकू नये. तेथे रबरी चाके लावावीत व वेग कमी ठेवावा.

७. कोरड्या, ढेकळांच्या व दगडगोट्यांच्या जमिनीत हादरे अधिक बसतात. जमीन वाफशावर असताना खणणी केल्यास जमिनीचा पोत साधतो आणि हातही वाचतो.

चालकाने पाळावयाच्या गोष्टी

मूठ यंत्र ताब्यात राहील इतपतच धरावी. मूठ जितकी घट्ट आवळावी, तितका कंप हातात अधिक शिरतो. मुठींची उंची कोपराच्या पातळीजवळ आणावी, म्हणजे यंत्रावर भार देऊन चालावे लागत नाही. ग्रासकटरचा खांदापट्टा आपल्या अंगाप्रमाणे नीट बसवावा. यंत्राचे वजन पट्ट्याने पेलावे, हातांनी केवळ दिशा द्यावी.

सलग काम करू नये. अर्ध्या-पाऊण तासाने दहा मिनिटे यंत्र थांबवून हात मोकळे करावेत, बोटे चोळावीत. दोन माणसे असतील, तर एकाने यंत्र चालवावे व दुसऱ्याने बांध, कोपरे व कडा यांचे हातकाम करावे आणि ठरावीक वेळाने अदलाबदल करावी.

हात उबदार व कोरडे ठेवावेत. निफाडसारख्या भागात पौष-माघातील पहाटे कडाक्याची थंडी असते. अशा वेळी अंग तापल्यावर व हात चोळून गरम केल्यावरच यंत्राला हात घालावा. बिडी व तंबाखू यांनी बोटांतील रक्तवाहिन्या आकसतात. कंपाचे काम करणाऱ्यास हे व्यसन दुहेरी नडते.

हातमोजांविषयी गैरसमज दूर केला पाहिजे. मोजांनी हात उबदार राहतो, घट्टे पडत नाहीत, जखम टळते. म्हणून ते वापरावेत. परंतु टिलरच्या ३३ हर्ट्झसारख्या संथ कंपास मोजे, मग ते 'कंपरोधक' म्हणून विकलेले का असेनात, फारसे अडवीत नाहीत. मुठीला चिंध्या किंवा सायकलची ट्यूब गुंडाळण्याचेही तेच. फार जाड वेष्टनाने मूठ जाड होते व ती अधिकच आवळावी लागते. मोजे आहेत म्हणून कामाचे तास वाढवू नयेत.

ट्रॅक्टरचालकाची पाठ

बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदास ४ ते ८ या वारंवारतेच्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत अधिक साथ देते, म्हणजे या हादऱ्यांत ते अधिक हेलकावते. रबरी चाकांवर उसळणाऱ्या ट्रॅक्टरचे हादरे याच्या आसपासचेच असतात. म्हणून वर्षानुवर्षे ट्रॅक्टर चालविणाऱ्यांत कंबरदुखी मोठ्या प्रमाणावर आढळते. सर्वांगावरील कंपासाठी दक्षतेची मर्यादा ०.५ व कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति वर्ग सेकंद अशी आहे. म्हणजे पाठीची सहनशक्ती हातांच्या मानाने किती कमी धरली आहे, हे दिसून येईल.

बैठकीखालील स्प्रिंगचा ताण चालकाच्या वजनाप्रमाणे बदलण्याची सोय असल्यास ती वापरावी. ८० किलो वजनाच्या माणसासाठी लावलेली बैठक ५५ किलोच्या माणसास कडकच लागते. मोडक्या बैठकीवर जाड मऊ गादी टाकल्याने मात्र काम भागत नाही. मऊ फोम या संथ हादऱ्यांना थोपवीत नाही, काही वेळा वाढवितोच. चाकांत हवा पुस्तिकेत दिली आहे तेवढीच ठेवावी. खाचखळग्यांच्या वाटेवर वेग कमी करणे हा तर बिनखर्ची व सर्वांत परिणामकारक उपाय होय. मडगार्डवर माणसे बसविणे अपघाताच्या दृष्टीने घातक आहेच, पण त्या पत्र्यावर बसणाऱ्यास चालकाहूनही कडक हादरे बसतात. तासन्‌तास ट्रॅक्टर चालवून उतरल्यावर लगेच पोती उचलू नयेत. पाच-दहा मिनिटे चालून पाठ मोकळी करावी.

भाड्याने यंत्र चालविणाऱ्यांचा प्रश्न

स्वतःच्या दोन एकरांपुरता टिलर चालविणाऱ्या शेतकऱ्यास धोका मर्यादित आहे. खरा धोका आहे तो भाड्याच्या यंत्रावरील चालकास. चिखलणीच्या दिवसांत तो या खाचरातून त्या खाचरात पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत फिरतो. पावसाळा सरला, की आंबा-काजूच्या बागांतील गवत कापण्यासाठी तोच ग्रासकटर खांद्यावर घेतो. त्याचा मेहनताना तासावर किंवा क्षेत्रावर ठरतो. त्यामुळे थांबणे त्यास परवडत नाही. अशा माणसास 'विश्रांती घेत जा' एवढाच उपदेश करणे व्यर्थ आहे. विश्रांतीचा वेळ मजुरीच्या हिशेबात धरणे, एका यंत्रावर दोन चालक नेमणे आणि रबरी बुशांचा खर्च भाड्यातून वेगळा काढून ठेवणे, ही यंत्रमालकाची जबाबदारी आहे. अवजार बँक चालविणाऱ्या गटांनी व सहकारी संस्थांनी हा नियम आपल्या ठरावातच घालून ठेवावा. हंगामाच्या ऐन मध्यावर अनुभवी चालकाची मूठ सुटली, तर नुकसान मालकाचेही होते.

वेळीच तपासणी

हंगामात दर महिन्यास चालकाने स्वतःस पुढील प्रश्न विचारावेत. काम थांबल्यावर मुंग्या किती वेळ राहतात? रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते काय? सदऱ्याची गुंडी लावताना किंवा ज्वारीचा दाणा चिमटीत उचलताना अडचण येते काय? भरलेली बादली हातातून निसटते काय? गार पाण्यात हात घातल्यावर एखादे बोट पांढरे पडते काय?

मुंग्या वीस मिनिटांत जिरत नसतील, किंवा बाकीच्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर कंपाचे काम काही दिवस बंद ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस हात दाखवावा. तेथे आपण कोणते यंत्र, दिवसास किती तास व किती वर्षे चालवितो, हे आपण होऊन सांगावे. मधुमेह, मनगटातील शीर दाबली जाणे, मानेचे विकार यांतही हाताला मुंग्या येतात. कामाची माहिती मिळाल्याखेरीज डॉक्टरांस नेमके कारण ओळखणे कठीण जाते.

सारांश

यंत्र घेताना कंपाचा आकडा पाहावा. हंगामापूर्वी बोल्ट, बुश व पाती तपासावीत. मूठ हलकी धरावी, गती बेताची ठेवावी, काम वाटून घ्यावे. मोजांवर विसंबू नये. मुंग्या रेंगाळू लागल्या, की त्याच दिवशी दखल घ्यावी. यंत्राच्या निगेविषयी अधिक माहिती हवी असल्यास आपल्या तालुक्याचे कृषि अधिकारी अथवा जवळचे कृषि विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधावा. या पाठाचे वाचन गावातील शेतकरी गटाच्या बैठकीत, टिलर समोर ठेवून व त्याचे बोल्ट प्रत्यक्ष तपासून केल्यास त्याचा उपयोग अधिक होईल.